पालथी वाटी

दुपारी सव्वादोनला फोन वाजला तेव्हा सुकदेव महाजन आपलं एकट्याचं ताट घासत होता.

"भाऊ, मन्हा माणूस दिसस," पलीकडून उषाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "मोबाइलमा. फिल्ममा. हसी ऱ्हायना."

सुकदेवने ओले हात लुंगीला पुसले आणि चप्पल न घालताच गल्ली ओलांडली.

उषाबाई सुरतेतल्या नवागामच्या त्याच गल्लीत समोरच्या खोलीत राहायची. तिचा नवरा मगन पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. सहा मेला सकाळी तो घरातून निघाला, तो परत आलाच नाही. फोन बंद. आता जून संपत आला होता. एवढ्या दिवसांत गल्लीने त्याच्याबद्दल तीन गोष्टी रचल्या होत्या आणि तिन्हींत एक बाई होती. एक बारडोलीची, एक भरूचची, तिसरीचं गाव अजून ठरायचं होतं.

उषाबाईने मोबाइल पुढे केला. मिलने स्वतःवर एक फिल्म बनवून घेतली होती, 'रंगाचं घर' नावाची, आणि ती कामगारांच्या ग्रुपवर फिरत होती.

सुकदेवने उंबऱ्यात बसून ती पाहिली. त्याच मिलमध्ये त्याने बावीस वर्षं कापड तपासण्याचं काम केलं होतं. दोन वर्षांपूर्वी तो घरी बसला. ती मिल इतकी सुंदर असल्याचं त्याला आजच कळत होतं.

सुरुवातीला झेंडूच्या माळा आणि कापडी फलक: '१५ मे, स्थापनादिन'. मग वाफ. वाफेतून वर चढणारं निळं कापड. मग सांडपाण्याच्या टाकीचं गोल तोंड, त्यातून खाली उतरलेला उन्हाचा तिरपा पट्टा, लोखंडी शिडी, आणि शिडीच्या वरच्या पायरीला अडकवलेला तोंडावर लावायचा मास्क. मागून भरदार आवाज हिंदीत सांगत होता की इथे प्रत्येक श्वासाची काळजी घेतली जाते. शिडी रिकामीच राहिली. चित्र पुढे सरकलं.

मग जेवणाची पंगत. स्टीलची ताटं, पुऱ्या, वाट्यांत आमरस. कॅमेरा हळूहळू एकेका चेहऱ्यावरून जात होता. शेवटी तो मगनवर थांबला. बाजूने ऊन पडलेलं. ताटाजवळ त्याची वाटी पालथी होती आणि तिच्यावर त्याने तळहात ठेवला होता. वाढणाऱ्याकडे बघून तो काहीतरी बोलला आणि हसला. ओठ हलले, पण ऐकू आली ती बासरी.

"पंधरा मे," उषाबाई म्हणाली. "म्हणजे घरातून गेल्यावर नऊ दिवस हा माणूस इथंच होता. हसत होता. आखाजीला सासूची पहिली घागर होती, भाऊ. लेक असून भरायला आला नाही. घागर कोरीच राहिली."

सुकदेवला ते पुरतं समजत होतं. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं, त्याची पहिली घागर खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भरतात. यंदा दहा मेला त्यानेही शोभाची घागर भरली होती. बायको जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणि सीझनचा पहिला आंबा त्याने त्याच सकाळी विकत आणला होता.

"मला पैसा नको, काही नको," उषाबाई म्हणाली. "हा जिवंत असेल तर मी त्याच्या तोंडावर थुंकून येते. मेला असेल तर त्याची घागर भरते. मी कुंकू लावू का नको, एवढंच मला कुणीतरी सांगा."

•

सबइन्स्पेक्टर धनश्री बोरसे नवागामशेजारच्या दिंडोलीतच वाढलेली. तिच्या वडिलांनी आणि सुकदेवने मिलच्या एकाच खात्यात काम केलं होतं, आणि मगन हरवल्याची तक्रार तिच्याकडेच होती.

"काका, ही फिल्म मिलच्या मॅनेजरनेच आणून दिली आम्हाला," ती म्हणाली. "पंधरा तारखेला माणूस हसत जेवतोय. सोळाला नोकरी सोडून गेला म्हणतात. मोठा माणूस मनाने कुठे गेला तर मी साहेबांना काय सांगू?"

"फिल्म म्हणजे पुरावा?"

"तुमच्याकडे दुसरा आहे का?"

"नाही. पण बेटा, बावीस वर्षं मी काचेच्या टेबलावरून पळणारं कापड बघितलं. डाग कुठे आहे ते आधी कळत नाही. आधी नुसतं डोळ्याला खुपतं."

"मग काय खुपलं?"

"हे दोन ताके आहेत. मध्ये सांधा मारलाय."

"मला पोलिसी भाषेत सांगा."

"फलक दिसतो तेव्हा पंगतीतला एकही माणूस दिसत नाही. पंगत दिसते तेव्हा फलक नाही, झेंडूचं फूलसुद्धा नाही. स्थापनादिनाची पंगत, आणि एक माळ नाही?"

धनश्रीने फिल्म पुन्हा लावली. शेवटी तिने मोबाइल उलटा ठेवला.

"फिल्म बनवणाऱ्याचं रविवारी सकाळी अडाजणला भाषण आहे," ती म्हणाली. "चेतन नाव. मोठा कलाकार आहे म्हणे. चला, कला बघून येऊ."

•

हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. विषय होता हिटलरच्या काळातले जर्मन माहितीपट. चेतन तिशीतला, स्वच्छ, काळ्या कुर्त्यातला. बोलणं अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. सुकदेव, धनश्री आणि उषाबाई मागच्या रांगेत बसले. धनश्री साध्या कपड्यांत होती.

"नैतिकता चपलांबरोबर बाहेर काढून या," चेतन म्हणाला. "इथे फक्त फ्रेम बघायची."

त्याने झेंड्यांच्या रांगा दाखवल्या, वरून टिपलेले हजारो शिस्तीतले लोक दाखवले. मग दुसरी एक फिल्म लावली. कैद्यांची छावणी होती, पण कैदी फुटबॉल खेळत होते. बायका भाजीच्या मळ्याला पाणी घालत होत्या. एक लहान मुलगी पाव खात होती.

"जगाला दाखवायला बनवली होती," चेतन म्हणाला. "की बघा, आम्ही यांना किती चांगलं ठेवतो."

पुढच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने हात वर केला. "या लोकांचं पुढे काय झालं?"

"चित्रण संपल्यावर बहुतेकांना मृत्यूच्या छावणीत पाठवलं." चेतनने पडद्यावर ती मुलगी थांबवली. "पण गालावरचा प्रकाश बघा. हे लोक गेले. फ्रेम राहिली."

दोनचार जणांनी टाळ्या वाजवल्या. सुकदेवच्या तोंडात कडू पाणी आलं. ती पोर पाव कशी खात होती ते त्याने पाहिलं होतं. कुणीतरी काढून घेईल अशी.

भाषण संपल्यावर धनश्रीने ओळखपत्र दाखवलं. चेतन हसला आणि हिंदीत म्हणाला, "मराठी मला येत नाही, मॅडम. हिंदी चालेल ना?"

"चालेल. फिल्म कधी शूट केली?"

"पंधरा मे."

"सगळी एकाच दिवसात?"

"सगळी. सुरुवातीला फलक आहे ना."

"जोडकाम कुणाचं?"

"माझं. चित्र मी कापतो, आवाज मी कापतो. दुसऱ्या कुणाला फाइलला हातसुद्धा लावू देत नाही."

सुकदेवने आपल्या सुरती हिंदीत विचारलं, "पंगतीला बासरी कशाला लावली? माणसं बोलतायत ना."

"काका, माणसं जेवतानाचे आवाज किळसवाणे असतात."

"आणि या माणसाची वाटी पालथी का?"

"शुगर होती त्याला. रस नको म्हणाला. मला ते चित्र आवडलं, ठेवलं."

उषाबाई इतका वेळ गप्प होती. तिला हिंदी बोलायला जड जायचं. ती पुटपुटली, "कोन्हा बाजूले बठेल व्हता तो?"

"दोन ओडिया पोरं होती, त्यांच्या मध्ये," चेतन घड्याळाकडे बघत हिंदीत म्हणाला. "आणखी काही, मॅडम? मला दुसरीकडे पोचायचंय."

बाहेर पायऱ्यांवर उषाबाई थबकली. "शुगर? माणूस चहात तीन चमचे साखर घ्यायचा."

"मावशी, तीन चमचे घेणाऱ्यालाच होते शुगर," धनश्री म्हणाली.

"तपासून कोण आलं होतं? डॉक्टरचं नाव काढलं तरी तो पळायचा."

सुकदेव हसला नाही. त्याला पुन्हा काहीतरी खुपलं होतं, आणि ते शुगरचं नव्हतं.

•

सोमवारी तो बस पकडून पलसाण्याला गेला. दरवानाने ओळखून सलाम केला. जुन्या लोकांना भेटायला आलो म्हटल्यावर आत सोडलं.

मुकादम बाबुराव कँटीनजवळ भेटला. मगनला या कामाला लावणारा तोच.

"या, चेकरसाहेब. पेन्शनीत जीव रमत नाही का?"

"पेन्शन कुठली, बाबुराव? मगनचं कळलं म्हणून आलो."

"काय सांगू. बाईच्या नादानं गेला."

"तू पाहिली का बाई?"

"पाहायला कशाला पाहिजे? लोक सांगतात."

"स्थापनादिनाला होता म्हणे तो."

"होता ना. पंधरा तारखेला मी स्वतःच्या हातानं वाढलं त्याला. चार वाट्या रस प्याला, हां."

"चार?"

"चार नाहीतर तीन. मोजत होतो का मी?"

तेवढ्यात मॅनेजर हर्षदभाई ऑफिसातून बाहेर आले. गुजरातीत चौकशी, पाठीवर हात, चहा. सुकदेवने चहा घेतला, लघवीला जातो म्हणाला आणि मागच्या अंगाला गेला.

सांडपाण्याची जुनी टाकी तिथेच होती. पण फिल्ममध्ये दिसलेलं गोल तोंड नव्हतं. त्यावर सिमेंटचा जाड स्लॅब टाकलेला होता. अजून पांढुरका, नवा. आजूबाजूला गाळाचा तो ओळखीचा वास होता, सडक्या अंड्याचा.

सुकदेव खाली बसला. स्लॅबच्या कोपऱ्यात गवंड्याने ओल्या सिमेंटवर थापीच्या टोकाने आकडे ओढले होते. सगळे गवंडी ओढतात. किती दिवस पाणी मारायचं ते लक्षात राहावं म्हणून.

त्याने आकड्यांच्या खाचेतून बोट फिरवलं. ८/५.

"इथं काय करताय?" मागे बाबुराव उभा होता. चेहऱ्यावर घाम.

"टाकी कधी बुजवली रे?"

"गळत होती. केव्हाचीच बुजवली."

"केव्हाची म्हणजे पंधरा तारखेच्या आधी की नंतर?"

बाबुरावने घाम पुसला. तो स्लॅबवर पाय ठेवायचंही टाळत होता. कडेकडेने उभा होता.

सुकदेवने मोबाइलवर त्या आकड्यांचा फोटो काढला. फाटकाबाहेर येऊन त्याने परतीची बस पकडली.

•

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वैशालीने त्याला रसाची वाटी आणून दिली. शेवटचे आंबे होते. सुकदेवने वाटी शोभाच्या फोटोसमोर ठेवली. जिवंत असताना तिला रस फार आवडायचा, आणि तरी एप्रिल-मेच्या लग्नांत ती काय करायची ते त्याला आठवलं. वाढपी रसाचं पातेलं घेऊन आला की आधी नवऱ्याची वाटी पालथी, मग स्वतःची.

तो तसाच बसून राहिला. रसावर माशी येऊन बसली, तीही त्याने हाकलली नाही. मग हॉलमधलं दुसरं बोलणं आठवलं. उषाबाई पुटपुटली होती. तिचं बोलणं चेतनला हिंदीत कुणी सांगितलं होतं?

कुणीच नाही.

त्याने धनश्रीला फोन लावला. "बेटा, तो स्लॅब फोडायची परवानगी काढ. आणि त्या कलाकाराच्या घरून त्याचं सगळं मूळ शूटिंग उचल. तो घरी नसताना."

"त्याने पुसलं असेल, काका."

"नाही पुसायचा. चांगलं काम पुसवत नाही अशा माणसाला."

•

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मिलच्या मागच्या अंगणात मामलतदार, दोन मजूर घण घेऊन, आणि पोलीस उभे होते. हर्षदभाई, बाबुराव आणि चेतन यांना बोलावलं होतं. उषाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"आमचा कारखाना बंद पाडायचाय का तुम्हाला?" हर्षदभाई म्हणाले. "फिल्ममध्ये माणूस पंधरा तारखेला जिवंत आहे."

"काका, तुम्हीच सांगा," धनश्री म्हणाली.

सुकदेवला चार लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. त्याने घसा साफ केला आणि स्लॅबच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे गवंड्याचे आकडे. आठ मे. फिल्म म्हणते, सगळं शूटिंग पंधरा मेला एका दिवसात झालं. मग फिल्ममध्ये ही टाकी उघडी कशी? शिडी दिसते, आत ऊन पडलेलं दिसतं. टाकी आठ तारखेला बुजली, तर हे शूटिंग आठच्या आधीचं. पंधराचे फक्त फलक आणि झेंडू."

"टाकीचं चित्र जुनं असेल," चेतन हिंदीत म्हणाला. "एखादं चित्र आपण जुनं वापरतो. पंगत पंधराचीच आहे."

"पंगतीवर येतो. बाबुराव, मगनने किती वाट्या रस प्याला?"

बाबुराव खाली बघत होता.

"सोमवारी चार म्हणाला होतास. फिल्ममध्ये त्याची वाटी पालथी आहे. तू त्या पंगतीला नव्हतास. तुला काय बोलायचं ते शिकवलं, वाटीचं सांगायचं राहिलं." सुकदेव चेतनकडे वळला. "आणि शुगरही नव्हती. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या घागरीवर आंबा ठेवतात. तो ठेवेपर्यंत घरातलं कुणी आंबा तोंडाला लावत नाही. ज्याच्या घरी त्या वर्षी माणूस गेलंय तो तर मुळीच नाही. मगनची आई गेल्या पावसाळ्यात गेली. पंगतीत रस आला की आपली माणसं वाटी पालथी घालतात. बाकीचे ओडिशाचे, यूपीचे, ते प्याले. हा एकटा प्याला नाही. कारण आखाजी अजून यायची होती."

"आणि दहा तारखेला त्याने घागर भरली नसेल म्हणून पंधरालाही नसेल प्याला," चेतन म्हणाला. हिंदी आता जरा घाईची होती. "हा काय पुरावा झाला?"

"बरोबर. मीही तेच म्हटलं. पण आखाजी दहा तारखेची हे मी आत्ता बोललोच नाही. या माणसाला आमच्या घागरीचं एवढं बारीक कसं माहीत?"

मागे मशीनचा आवाज येत होता.

"रविवारी उषाबाईने अहिराणीत विचारलं, तो कुणाच्या बाजूला बसला होता. सुरतेतल्या कुणाही गुजराती माणसाला ते समजलं नसतं. हिंदीत कुणी सांगितलंही नाही. तू घड्याळ बघता बघता उत्तर दिलंस. मी चौकशी केली. तू नवागामचा. आमच्यापासून चार गल्ल्या पुढे. तुझी आई सरस्वती अजूनही आखाजीला घागर भरते. यंदा तिला फोनही केला नाहीस म्हणाली."

चेतनचा चेहरा प्रथमच हलला.

"मगनचं बोलणं फिल्ममध्ये कापलंय. तिथे बासरी आहे. मॅनेजरसाहेब गुजराती. त्यांना ते बोलणं ऐकून काही कळलं नसतं, त्यांनी तसंच राहू दिलं असतं. कुठलाही परका राहू देईल. त्यातच तारीख दडलीय हे ओळखून कापणारा आपल्यातला पाहिजे. आणि तूच म्हणालास, आवाज मी एकटा कापतो."

"मॅडम, हे सगळं—"

"तुमची हार्ड डिस्क सकाळी नऊ वाजता आणली," धनश्री म्हणाली. "पुसलं नव्हतं तुम्ही."

तिने मोबाइल वर धरला. पंगतीचा गलका, ताटांचा आवाज. आणि मगन, स्पष्ट, हसत: "आखाजी व्हयनी नही आजून, भाऊ. मायनी घागर भरसू, मंग."

उषाबाईने पदर तोंडात कोंबला.

"फाइलवर तारीख सहा मेची आहे," धनश्री म्हणाली. "दुपारी सव्वाबारा. त्यानंतरची फाइल एक वाजून वीस मिनिटांची. काका, तुम्ही ऐकू नका वाटल्यास."

सुकदेव हलला नाही.

तिने ती लावली. टाकीचं तोंड, ऊन, शिडी. मगन मास्क घालून उतरायला लागला. मग चेतनचा आवाज, या वेळी मराठीत: "मगनदादा, मास्क काढ. चेहरा दिसत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पटकन, ऊन जाईल."

मगनने मास्क काढून वरच्या पायरीला अडकवला. खाली गेला. खालून एकदा खोकला ऐकू आला. पाण्यात काहीतरी पडल्यासारखं झालं.

मग नुसती शिडी.

"पुढे अकरा मिनिटं हेच आहे," धनश्री म्हणाली. "कॅमेरा चालू आहे. यातलाच तुकडा फिल्ममध्ये वापरलाय. त्यावर ते श्वासाचं वाक्य टाकलंय."

मामलतदाराने तोंड फिरवलं. घण धरलेला मजूर चेतनकडे असं बघत होता जसं माणूस चपलेला लागलेल्या घाणीकडे बघतो.

"तू हाक का नाही मारलीस?" सुकदेवने विचारलं.

चेतनने स्लॅबकडे पाहिलं. मग मराठीत बोलला. "तो वर येईल असं वाटलं. त्या टाकीत ऊन दिवसातून दहा मिनिटंच उतरतं. तो वर येताना चेहऱ्यावर पट्टा पडला असता. तसं चित्र पुन्हा मिळालं नसतं."

"आणि मग?"

"मग हर्षदभाईंना बोलावलं."

"खोटं," हर्षदभाई ओरडले. "मी पोलिसांना कळवा म्हटलं होतं. हाच म्हणाला की कळवू नका, माझ्याकडे तो हसत जेवतोय, मी त्याला पंधरा तारखेला जिवंत करतो. छावणीवाली फिल्म यानेच मला सांगितली. लोक चित्रावर विश्वास ठेवतात म्हणाला."

"आणि तुम्ही स्लॅब टाकलात," धनश्री म्हणाली.

बाबुराव मटकन खाली बसला. "मला आठ तारखेला कळलं," तो उषाबाईकडे न बघता म्हणाला. "माझी पोरं इथंच कामाला आहेत, वहिनी. मला म्हणाले, बोलायचं नाही."

"तुझी पोरं," उषाबाई म्हणाली. एवढंच.

मामलतदाराने मान हलवली. पहिला घण पडला. तासाभरात स्लॅब फुटला. जे वर काढलं ते सुकदेवने पाहिलं, कारण उषाबाईने बघू नये म्हणून कुणीतरी आधी ओळख पटवायला हवी होती. कमरेच्या करगोट्यातल्या किल्लीवरून ओळखलं. ती मगनच्या पेटीची होती.

गाडीत बसवताना चेतन धनश्रीला म्हणाला, "ती डिस्क सांभाळून ठेवा, मॅडम. त्यात माझं तीन वर्षांचं काम आहे."

सुकदेव भिंतीकडे गेला आणि थुंकला. तोंडातली चव गेली नाही.

•

दहाव्यानंतर उषाबाई त्याच्या दारात आली. कपाळ मोकळं होतं. गल्लीत आता कुणी बाईची गोष्ट सांगत नव्हतं. उलट तेच लोक मगन किती सरळ होता ते सांगत होते, आणि उषाबाई त्यांच्याकडे बघतही नव्हती.

"येत्या आखाजीला दोन घागरी भरीन," ती म्हणाली. "मायची राहिलेली आणि लेकाची."

"मी आंबे आणीन."

"भाऊ, एक काम होतं. भिंतीला लावायला त्यांचा एक फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात डोळे मिटलेत. आधारकार्डावरचा तर चोरासारखा दिसतो." ती थांबली. "त्या फिल्ममधला काढून मिळेल का? वाटीवर हात ठेवलेला."

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं. "त्याने काढलेला? तो घरात लावणार?"

"दुसरा कुठं आहे? किती चांगले दिसतात त्याच्यात. मी एवढ्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं त्यांना."

तेच तर होतं. चित्र चांगलं होतं. सुकदेवने ते पन्नास वेळा पाहिलं होतं आणि दर वेळी ते चांगलंच निघालं होतं. त्यात एक डाग सापडला असता तर बरं झालं असतं.

तो मोबाइल घेऊन दिंडोलीच्या फोटो स्टुडिओत गेला. तिथल्या माणसाने चित्र मोठं करून पडद्यावर लावलं.

"वा," तो म्हणाला. "कोणी काढलाय? हात चांगला आहे."

"याला ज्यानं मारला त्यानं."

माणसाला वाटलं म्हातारा चिडका आहे. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. कडा कापल्या, रंग नीट केला, मग खालच्या बाजूला बोट ठेवलं.

"ही पालथी वाटी काढून टाकू का? फोटोत बरी दिसत नाही."

"वाटी राहू दे," सुकदेव म्हणाला. "त्या अख्ख्या फिल्ममध्ये तेवढीच खरी आहे."